सळई असती, तर

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
दि. ३ सप्टेंबर २०२४

चि. बसवंत यास, सिंधुअक्काचे अ. आ. वि. वि.

तुझं राखी पोचल्याचं पत्र मिळालं. कानाचं मशीन पुन्हा डबीत घालून ठेवलंस म्हणे. साखर कारखान्याच्या बॉयलरनं कान नेले, उरलेलं तुझ्या हट्टानं नेलं. मशीन लावलं असतंस तर फोनवर बोलून मोकळी झाले असते. पण बरंच झालं. हे मला तोंडानं सांगता आलं नसतं.

परवा दवाखान्यातून रिक्षानं घरी येत होते. तरोडा नाक्यावर रिक्षा थांबली, सहज वर बघितलं, तर अप्पा. आपले अप्पा, वीस फूट उंच. दगडांच्या ढिगावर बसलेले, डोक्याला टॉवेल, हातात अव्वाच्या लुगड्याचा पदर. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यानं काढलेला तोच फोटो, ज्याचं कात्रणसुद्धा अप्पांनी कधी घरात येऊ दिलं नाही. शेजारी लाल अक्षरांत लिहिलंय, ‘तेव्हा अढळ सळई असती, तर...’ खाली सळयांचा भारा आणि फोन नंबर.

बसवंत, अव्वावर पडली ती भिंत अप्पांनी स्वतःच्या हातानं रचली होती. ते शेतावर राखणीला होते, तू पाळीवर होतास, मी इथं सासरी. घरात अव्वा एकटी. आपल्यात माणूस मातीत ठेवतात. तिला त्या पावसात कुणाकुणाबरोबर एकाच सरणावर घातलं. पुढं नव्या वसाहतीत पक्कं घर मिळालं तरी अप्पा मरेपर्यंत अंगणातल्या पत्र्याखालीच निजले. माझ्याच हातची भिंत होती, एवढंच म्हणायचे. जे त्यांना आतून अठरा वर्षं खात होतं, तेच या माणसानं भर नाक्यावर टांगलं आणि खाली आपला नंबर टाकला.

रिक्षावाला म्हणाला, मावशी, फोटो लई भारी निवडलाय, बघितलं की काळजात होतं. हाव बाबा, म्हणाले, होतं.

फलकावर नाव आहे प्रो. श्रीशैल बिराजदार, औसा रोड, लातूर. बिराजदार काय गावोगाव आहेत, हा कोण ते बघून ये. त्याला सांग, फलक उतरव. नाही उतरवला तर मी त्याला सोडणार नाही. तेहतीस वर्षं नर्स होते. कुठं टोचायचं ते मला कळतं.

घरच्यांना आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रावर ठरत नाही.

तुझी,
अक्का

—

॥ श्री ॥

किल्लारी,
दि. ९ सप्टेंबर २०२४

ती. सिंधुअक्कास, बसवंतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं अन् दुसऱ्याच दिवशी लातूरला गेलो. मशीन लावून गेलो, म्हणजे तेवढं तरी बोलणं खायाचं वाचलं.

दुकान मोठं हाय. मालक चौतीस-पस्तिशीचा, बोलायला नरम. मी किल्लारीचा म्हणल्यावर उठून पाया पडला. मग नाव-गाव निघालं. अक्का, हा आपल्या भिंतीला भिंत असलेल्या उमावैनीचा श्रीशैल. ढिगातून काढला तवा तीन वरसांचा होता, कानात समदी माती. आई-बाप एकदमच गेले. आत्यानं उदगीरला नेला, तिच्या मालकाचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथंच वाढला.

मी त्याला म्हणलं, बाबा, तो माझा बाप हाय. त्यो म्हणला, काका, पेपरात छापून आला त्या दिवशी तो समद्यांचा झाला. मी शिवी दिली न्हाई, कुणाचा देव काढला न्हाई, खोटं तर एक अक्षर न्हाई. लोकं अजून बी लोखंड वाचवून स्लॅब टाकून राहिलेत. माणूस भ्याल्याबिगर जाड सळई घेत न्हाई. माझा धंदा हाय, पण गोष्ट खरी हाय, अन् खरी गोष्ट सांगून माल विकायचा मला हक्क हाय. फलक उतरवणार न्हाई म्हणला. आन् शेवटी म्हणला, भूकंप काय तुमच्या एकट्याचा होता?

त्यानंच चहा मागवला होता. चहा पिऊन आलो.

गावात ही बातमी फुटली. पोरं टेम्पो करून दुकान फोडायला निघाली होती, मीच आडवा झालो. ह्याच पोरांनी गेल्या साली पंचशीलाचा बोर्ड उतरवला होता. बुद्धविहाराजवळ शिलाईचं दुकान हाय ती पंचशीला. बोर्डावर मोठ्या गळ्याच्या ब्लाऊजचा फोटो होता, अन् त्या रस्त्यानं पालखी जाती म्हणून समद्यांच्या भावना दुखावल्या. तवा तू-मी काय बोललो? मी तर दारात उभा राहून बघून राहिलो होतो. परवा तिला अप्पांचं सांगितलं. ती म्हणली, काका, तुमचं दुखणं खरं हाय. पण ह्या पोरांच्या हातात धोंडा देऊ नका, ती दुखणं बघून मारत न्हाईत.

मला तिचं पटलं. तू बी सोडून दे, अक्का. महिन्याभरात फलक आपोआप बदलतील. बीपीची गोळी चुकवू नको. रागाबरोबर थोडी माया बी असू दे.

तुझा,
बसवंत

—

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
दि. १३ सप्टेंबर २०२४

चि. बसवंत यास, अ. आ. वि. वि.

चहा पिऊन आलास! साखर किती होती तेही लिहायचंस.

उमाचा मुलगा आहे हे वाचून माझा राग निम्मा व्हायला हवा होता. दुप्पट झाला. ठाऊक नसलेल्या माणसानं केलं असतं तर अडाणी म्हणून सोडला असता. हा त्याच ढिगातून निघालेला आहे.

मी गप्प बसले नव्हते. शेजारच्या सुकन्याकडे गेले, ती वकिली करते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, मावशी, दावा लावता येईल, पण मेलेल्या माणसाच्या अब्रूचं कोर्टात फार अवघड असतं, आणि निकाल लागेपर्यंत फलक राहणार नाही की तुमची उमेद राहणार नाही. जाहिरातीच्या परवानगीच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं फलकाचा कागद काढून दाखवला. यात अश्लील काही नाही, धर्माचं नाही, निवडणुकीचं नाही, मग हरकत कशाची, असं विचारलं. मी म्हणाले, माझ्या बापाची. त्यानं त्यासाठी रकाना नाही म्हणून सांगितलं.

पंचशीलाचं बरोबर आहे. धोंडा नको. आणि आपण तिच्या वेळी तोंड उघडलं नाही, याची लाज मलाही आहे. मला श्रीशैलची काच फोडायची नाही. भूकंप त्याचाही होता म्हणाला ना? मग फलकावर स्वतःच्या आईला का नाही बसवलं? दुसऱ्याचा बाप स्वस्त पडतो.

तेव्हा आता ऐक. माझ्या ट्रंकेत उमाचा एक फोटो आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मी महाशिवरात्रीला माहेरी आले होते, तेव्हा आम्ही दोघी लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला गेलो होतो. पुठ्ठ्याच्या विमानात बसवून फोटो काढायचे बघ, तसला. त्यातली उमा तेवढी ठेवली आणि मला काढून टाकलं. लातूरचा फ्लेक्सवाला आनंदराज मूळचा उमरीचा. मी तिथं नोकरीला असताना त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण माझ्या हातचं. तो नाही म्हणू शकला नाही. श्रीशैलच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक जागा महिन्यासाठी मिळाली आहे. येत्या मंगळवारी, अनंत चतुर्दशीला, फलक चढेल. तिथीनं तोच दिवस. मुद्दाम धरला.

अक्षरं त्याचीच घेतली आहेत, त्याच लाल रंगात. ‘श्रीशैलची आई उमादेवी. तेव्हा सळई असती, तर...’ बाकी काही नाही. खोटं तर एक अक्षर नाही. बोलायचा हक्क त्याचा आहे, तर तो माझाही आहे.

उमा माझी मैत्रीण होती याची आठवण मला कुणी करून देऊ नये. अडवायला येऊ नकोस. जीव आहे तुझ्यावर, म्हणून आधी कळवलं.

अक्का

—

॥ श्री ॥

किल्लारी,
दि. १९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

पत्र सोमवारी पोचलं. मंगळवारी पहिल्या मोटारीनं गेलो, म्हणलं अडवता आलं तर बघावं. फलक चढला होता.

अक्का, उमावैनीला मी एकतीस वरसांनी बघितलं. हसून राहिली होती. खाली तुझी लाल अक्षरं. रस्त्यात गाड्या थांबत होत्या, लोकं मोबाईलवर फोटो काढत होती, एक जण ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवत होता. मला तिथं उभं राहवंना. मी आजारी असताना तिनं आठ दिवस भाकर पोचवली होती. तुझ्या लग्नात ती तुझ्यापेक्षा जास्त रडली होती. तिला काय विचारलंस? अप्पांना विचारलं न्हाई म्हणून तू पेटलीस, अन् तिच्या बाबतीत तेच केलंस. तो निदान माल विकत होता. तू काय विकलंस?

श्रीशैल दहाच्या सुमाराला आला. शटर उघडताना कुणीतरी त्याला मागं बघायला सांगितलं. त्यानं बघितलं. रस्ता ओलांडून खाली जाऊन उभा राहिला. लई येळ. मग मागं मागं सरकत पुन्हा दुकानापाशी आला, अन् परत बघत राहिला. कामावरची माणसं शिडी घेऊन फाडायला निघाली, तर त्यानं हातानंच न्हाई म्हणलं. शटर ओढून घेतलं अन् आत जाऊन बसला.

बाजारात बोलून राहिलेत, की तो केस करणार हाय. करू दे. मी तुझ्या बाजूनं साक्षीला येणार न्हाई, हे आत्ताच सांगतो.

माया आटली न्हाई, पण आज लिहवत बी न्हाई.

बसवंत

—

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
दि. २३ सप्टेंबर २०२४

चि. बसवंत यास, अ. आ.

आत जाऊन बसला ना? मग झालं. मला एवढंच हवं होतं. आपलं माणूस चौकात टांगलेलं बघताना काय होतं, हे त्याला वकिलानं समजावलं नसतं.

आणखी ऐक. काल तरोडा नाक्यावरून गेले तर अप्पांचा फलक नाही. नुसता लोखंडी सांगाडा उभा. मी रिक्षा थांबवून दोन मिनिटं तो सांगाडा बघितला आणि घरी येऊन गोडाचा शिरा केला. एकटीनं खाल्ला.

मी काय विकलं असं विचारतोस. काही नाही विकलं. उसनं परत केलं. तुला ते वाईट दिसत असेल तर दिसू दे, तुझे डोळे अप्पांवर गेलेत, लगेच भरून येतात. माझे अव्वावर. साक्षीला येऊ नकोस, मी एकटी पुरे आहे. केस केली तर न्यायाधीशाला दोन्ही फलक शेजारी ठेवून दाखवीन आणि विचारीन, यातला कोणता गुन्हा.

उमा दोनदा डोळ्यांपुढं आली. ते असो.

मशीन लावत जा. रागावलास तरी लिहीत जा.

अक्का

—

लातूर,
दि. २६ सप्टेंबर २०२४

ती. सिंधुमावशींस, श्रीशैलचा सा. न. वि. वि.

पत्ता आनंदराजकडून घेतला. त्याच्यावर रागावू नका, मी त्याच्या दुकानात दोन तास बसून होतो. पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्यावं.

अप्पांचे फलक लातूर, औसा आणि नांदेड तिन्हीकडचे उतरवले आहेत. भीतीनं उतरवले नाहीत. मला तसं छापायचा हक्क होता, असं मला अजूनही वाटतं, आणि ते खोटं लिहून तुम्हाला खूश करायचं नाही. पण सतरा तारखेपासून माझ्या ध्यानात आलं आहे, की अप्पांनी ते वाक्य मला सांगितलं नव्हतं. मी ते त्यांच्या तोंडात घातलं. माझ्या आईच्या तोंडात तुम्ही घातलं, तेव्हा मला ते ऐकू आलं.

पण मावशी, हे पत्र त्यासाठी नाही.

मी आईला कधी बघितलेलं नाही. म्हणजे बघितलं असेल, आठवत नाही. घरातला एकही फोटो वाचला नाही. तिचं माहेर पलीकडच्याच गावात होतं, ते घरही गेलं. बारावी झाल्यावर मी किल्लारीत घरोघर फिरून विचारलं होतं, कुणाच्या लग्नाच्या फोटोत, कुठं कोपऱ्यात, माझी आई आहे का. बसवंतकाकांच्या घरीही गेलो होतो. काका कामावर होते, तुमच्या अप्पांनी पाणी दिलं, आणि आमचंही काही उरलं नाही म्हणाले. नांदेडला विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

आत्या सांगायची, तुझी आई गोरी होती. ती गोरी नाही. समोरच्या दोन दातांत फट आहे. माझ्याही आहे. आत्या म्हणायची ती बापाकडून आली. चौतीस वर्षं मी ती बापाचीच धरून चाललो होतो.

फलकाखाली जाऊन उभं राहिलं की तिचे नुसते ठिपके होतात, काही दिसत नाही. रस्त्याच्या अलीकडून, माझ्या दुकानाच्या पायरीवरून, ती नीट दिसते. म्हणून मी गल्ल्यावर बसत नाही, पायरीवर बसतो. गिऱ्हाईक विचारतं, तुमच्याच दारात कुणी अशी वाट लावली? मी सांगतो, ओळखीच्या बाई आहेत.

परवा महापालिकेची गाडी आली होती. कुणीतरी तक्रार केली होती, या फलकानं लोकांच्या भावना दुखावतात म्हणून. मी त्यांना सांगितलं, आई माझी आहे, भावनाही माझ्याच आहेत, आणि फलक राहू द्या. ते हसून गेले. त्यांना कळलं नाही.

विनंती अशी, की महिना पुरा होईपर्यंत फलक उतरवू नये. ती अक्षरंसुद्धा राहू द्यावीत, ती मी सोसतो. आणि मूळ फोटो एकदा हातात धरायला मिळावा. तिच्या खांद्यावर एक हात आहे, नुसती चार बोटं दिसतात, हिरव्या बांगड्या आहेत. तो हात कुणाचा? आणि ती एवढी हसते आहे ती कशाला?

माझ्यावर लोभ ठेवा असं म्हणायला तोंड नाही. उत्तर द्यावं.

आपला,
श्रीशैल

—

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

नांदेड,
दि. ८ ऑक्टोबर २०२४

श्रीशैल यास,

आशीर्वाद लिहायला घेतला होता, हात अडला. पुढं कधी जमला तर लिहीन.

तुझं पत्र दहा दिवसांपूर्वी आलं. पहिल्या दिवशी मला तुझा राग आला, तो आधीपेक्षा मोठा होता. मला तुला जाळायचं होतं. वर बघून मान खाली घालशील, रात्र रात्र तळमळशील, म्हणून मी तो फलक चढवला. आणि तू पायरीवर बसून माझ्या सुडाकडं आईकडं बघावं तसा बघत बसलास. माझ्या हातातलं सगळं काढून घेतलंस. हे मी बसवंतलाही कळवलं आहे. तो लिहितो, मला दोघांचीही लाज वाटते, पण पायरीवर तुझ्यासाठी सतरंजी टाकून येईन. त्याचं असंच असतं.

मी तुला माफ केलेलं नाही. ते नीट वाच, मग पुढचं वाच.

हात माझा आहे. फ्लेक्ससाठी मी स्वतःला कापलं, तेवढी चार बोटं राहिली. आनंदराज ती पुसून देतो म्हणत होता. मीच नको म्हणाले, का ते मला विचारू नकोस. फलक महिनाभर राहील. अक्षरं मात्र मी परवा येऊन काढून घेणार आहे. तू सोसशील, पण ती उमानं का सोसावी? बसवंतनं हे मला आधीच लिहिलं होतं. मी ते ऐकलं नाही. तेवढी चूक माझी.

मूळ फोटो मी तुला देणार नाही. तुला तो बघायचा असेल तर नांदेडला, माझ्या घरी यावं लागेल. दर महिन्याला एकदा. दर खेपेला मी तुला तुझ्या आईचं काहीतरी सांगीन. तिचं मला पुष्कळ ठाऊक आहे, वर्षंच्या वर्षं पुरेल. पण त्याआधी, दर खेपेला, माझ्या बापाचं ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. हा सूड आहे असं समजलास तरी माझी हरकत नाही.

रीत कळावी म्हणून पहिली खेप पत्रातच देते.

अप्पांचं असं. इथं माझं घर बांधत होते, तेव्हा ते महिनाभर येऊन राहिले. रोज गवंड्याच्या पाठीशी उभे. प्रत्येक कॉलमची सळई मुठीत धरून हलवून बघायचे, बारीक दिसली की बदलायला लावायचे. गवंडी वैतागला. एकदा म्हणाला, म्हातारबा, तुम्ही इंजिनीअर आहात का? मला वाटलं, आता सांगतील, माझी बायको भिंतीखाली गेली. त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, मला भिंतींचा थोडा अनुभव आहे. गवंड्यानं सळई बदलली. सळई घाला हे तुझं म्हणणं अप्पांचंही होतं, श्रीशैल. पण त्यासाठी त्यांनी अव्वाला कधी चार लोकांत आणलं नाही.

आता उमाचं. पुठ्ठ्याच्या विमानात आम्ही दोघी बसलो आणि फोटोवाल्यानं विचारलं, बाई, विमान कुठं न्यायचं? उमा म्हणाली, आधी नांदेडला ने, हिला सासरी सोड, तीन दिवस झाले ही जायच्या नावानं रडून राहिली आहे. मग मला लगेच किल्लारीला आण, पोरगं दुधाला उठलं असेल. एवढं बोलून स्वतःच्याच बोलण्यावर हसली आणि तेवढ्यात त्यानं फोटो काढला. पोरगं म्हणजे तू. त्या दिवशी तुला माझ्या अव्वाकडं ठेवलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा तू तिच्या मांडीवर झोपला होतास आणि पाय अवघडला तरी तिनं तुला हलवलं नव्हतं.

लोभ असावा, असं शेवटी लिहितात. ते माझ्याच्यानं अजून लिहवत नाही. कोणत्या तारखेला येतोस ते कळव. तिखट खातोस की नाही, तेही कळव.

मलप्पांची मुलगी,
सिंधु